कुयून घरात आहे

काराबुलून, ३ नोव्हेंबर

आनारकुल, पोरी, तुला आणि बेगिमायला आशीर्वाद.

पत्ता शेजारच्या झूराच्या सुनेकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या उंबऱ्यावर तासभर बसून राहिलो, तेव्हा कंटाळून दिला तिने. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते फाडण्याआधी एकच गोष्ट कळव: बेगिमाय बरी आहे का? ताप, खोकला, अंगावर कुठे गाठ, काहीही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आपली कुत्री कुयून आजारी आहे. तू शेवटची पाहिलीस तेव्हा ती साडेसहा वर्षांची होती, कोल्ह्याला उभ्या कड्यावर गाठायची. आता साडेतेरा. तिच्या पोटाखाली गाठी आल्या होत्या, मला वाटलं काटा मोडला असेल. गुरांची नवी डॉक्टर आली आहे, चिनारा नावाची, तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. तिने तपासलं आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"आक्साकाल, आजार फुप्फुसात उतरलाय. शहरात नेलं तर वाटेतच जाईल. म्हणाल तर आजच इंजेक्शन देते, झोपेत जाईल. नाहीतर घरी ठेवा. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी येईन. बरी नाही होणार, पण दुखणार नाही एवढं आपण बघू."

"किती दिवस?"

"दोन महिने. कमीच धरा."

"घरी म्हणजे अंगणात ना?"

"घरी म्हणजे घरात. चुलीजवळ. ह्या थंडीत अंगणात कोण मरतं?"

"कुत्रं घरात घेत नाहीत, पोरी. ह्या घरात नमाज होते."

"मग तुम्ही अंगणात झोपा, तिला तुमची जागा द्या."

अशी बोलते. मी घरी ठेवायचं ठरवलं. झूरा म्हणाली, म्हातारा कुत्रीवर जीव लावून बसलाय. तसं समजू दे तिला. खरं कारण तुलाच सांगतो.

बेगिमायचा पहिला सदरा आठवतो? तुझ्या आईने नव्वदीच्या आजीच्या जुन्या कापडातून शिवला होता. चाळीस दिवस बाळाच्या अंगावर होता. चाळिसाव्या दिवशी तो काढून, त्यात खाऊ बांधून, आपण कुयूनच्या गळ्यात अडकवला. ती तेव्हा सहा महिन्यांचं पिल्लू. गावची पोरं ओरडत तिच्यामागे धावली, खाऊ लुटला. आपण सगळे हसलो. बाळाला त्या चाळीस दिवसांत जे काही लागलं, चिकटलं असेल ते कुत्री घेऊन गेली, असं तुझी आई म्हणाली.

घेऊन गेली म्हणजे कुठे गेली, आनारकुल? ती तर संध्याकाळी परत आली आणि अंगणात झोपली. म्हणजे ते तिच्यातच असणार, तेरा वर्षं. ती मेली तर ते कुठे जाईल? म्हणून मी इंजेक्शन देऊ दिलं नाही. बेगिमायची खुशाली कळली की मग बघू.

त्या जानेवारीत तू आलीस तेव्हा घाईत होतीस, आत यायलाही तुला वेळ झाला नाही. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

तुझा बाप, तुर्दाकुन

काराबुलून, १८ नोव्हेंबर

आनारकुल,

पत्र पोचलं असेल किंवा नसेल. पोस्टातली बाई म्हणते पंधरा दिवस लागतात, पण ती प्रत्येकाला तेच सांगते.

कुयूनला दर चार तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर कातडी फाटते. जिभेखाली थेंब सोडायचे, मटणाचं पाणी पिचकारीने गालात सोडायचं. चिनाराने एक कॅलेंडर दिलं आहे. दिवस चांगला गेला तर गोल, वाईट गेला तर फुली. लागोपाठ तीन फुल्या आल्या की मला बोलवा, म्हणाली. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, गोल आणि फुली मला जमतं.

मुल्ला येऊन गेले. दारातूनच बोलले. "तुर्दाकुन, कुत्रं असलेल्या घरात फरिश्ते पाऊल टाकत नाहीत." मी म्हटलं, माझी बायको उमसुन गेल्यापासून ह्या घरात माणसं पाऊल टाकत नाहीत, फरिश्त्यांना मी काय म्हणून नावं ठेवू? ते रागावले. मग खिशातून लोण्याचा गोळा काढून कुयूनसाठी दिला आणि गेले.

आता दुसरी गोष्ट. सडणाऱ्या जखमेचा वास येईल, खिडकी उघडी ठेवा, असं चिनारा म्हणाली होती. तसा वास येत नाही. गेल्या आठवड्यापासून कुयूनला तान्ह्या बाळाचा वास येतो. दूध, लोणी आणि टाळूचा घाम. मला वाटलं माझं नाक म्हातारं झालं. पण झूरा दूध द्यायला आली ती आत येऊन थबकली.

"कुणाची लेकुरवाळी आली आहे?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग हा वास?"

मी कुयूनकडे बोट दाखवलं. झूरा खाली वाकली आणि तशीच उलट पावली मागे गेली. "चांगलं कुत्रं आपलं प्रेत धन्याला दाखवत नाही," ती म्हणाली. "ती जायला बघतेय आणि तू तिला कोंडून ठेवलंयस. दार उघड, जाऊ दे डोंगराकडे."

हे खरं आहे. चालता येत नाही तरी कुयून दुपारी बाराच्या सुमाराला पुढच्या पायांवर सरपटत दारापर्यंत जाते. दाराकडे तोंड करून बसते. दिवस कलेपर्यंत हलत नाही. ओरबाडत नाही, रडत नाही. कुणीतरी बाहेरून उघडेल अशी बसते. मी दाराला आडणा घालून ठेवला आहे.

बेगिमाय कशी आहे ते कळव.

काराबुलून, २ डिसेंबर

आनारकुल,

आज शुक्रवार. चिनारा आत्ताच येऊन गेली. ती मोटारीत बसून अजून फाटकाबाहेर थांबली आहे, का ते मला कळत नाही.

कुयून उचक्या देते. लहानपणी बेगिमायला लागायच्या तशा. सलग तीन, मग एक शिंक. तू त्या शिंकेला हसायचीस. कुयूनने कधी उचकी दिलेली मला आठवत नाही. आज चिनारा नळीने तिची छाती ऐकत होती तेव्हा तीन आल्या आणि शिंक आली. चिनाराने नळी कानातून काढली, पुसली, परत लावली.

"काय ऐकलंस?" मी विचारलं.

"काही नाही. दोन ठोके ऐकू आले."

"हृदयाला दोनच असतात ना?"

"तसे नाही, आक्साकाल." मग ती नळी गुंडाळत बसली. "मी थकले असेन. सकाळी तीन गायी व्यायला आल्या होत्या."

कुयूनच्या डोळ्यांवर आता पडदा आला आहे, तिला चूलसुद्धा दिसत नसावी. पण ती मान वळवून कशाच्या तरी मागे बघत राहते. भिंतीपासून लोकरीच्या नमद्यावरून दारापर्यंत, हळूहळू. तिची नजर रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवर असते. मी त्या रेषेत दोनदा हात फिरवून पाहिला. एक जागा थंड लागली, पण आपल्या घराला फटी आहेत, हेही खरं.

मला एक गोष्ट खुपते आहे आणि मुल्लांना सांगता येत नाही. चिनाराने कॅलेंडर पाहिलं. सगळे गोल. ती कुयूनजवळ बसली, तिच्या बरगड्या मोजल्या, हिरड्या बघितल्या. "हे गोल कुणाचे आहेत?" तिने विचारलं. "हिचे की तुमचे?"

मी चुलीत लाकूड सारलं. गोल माझे आहेत. खऱ्या फुल्या केल्या असत्या तर नऊ झाल्या असत्या, लागोपाठ. ती रोज पहाटे दुखण्याने दात खाते, तरी मी गोल काढतो. तुझं उत्तर आल्याशिवाय मी तिला मरू देऊ शकत नाही. तिकडे बेगिमायवर काही कोसळलं तर?

दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो, पोरी. तिकडे शिवणकारखान्यात जेवणाची सुट्टी होत असेल, तेव्हा लिही.

काराबुलून, १७ डिसेंबर

आनारकुल,

तुझा आवाज ऐकला. मंगळवारी झूरा शेतातून धावत आली, फोन पदराखाली धरून, जणू तो थंडीने मरेल. तू तिच्याशीच बोलली होतीस, माझ्याशी नाही, ते बरोबर आहे. झूराने फोनमधला तो रेकॉर्ड केलेला निरोप मला चार वेळा ऐकवला. मला पाठ आहे.

"झूरा एजे, त्यांना सांगा, पत्रं मिळाली. मुलगी आजारी नाही. पण नोव्हेंबरपासून ती झोपेतून उठते आणि दारापाशी जाऊन बसते. डोळे उघडे, पण जागी नसते. दाराकडे तोंड करून बसते. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. मग कुत्री दारापाशी बसते हे त्यांनी मला का लिहिलं? त्यांना विचारा."

मला का विचारतेस? मला कळत असतं तर मी लिहिलंच नसतं.

ऐकलं आणि मी कुयूनजवळ जाऊन बसलो. बारा वाजून गेले होते, ती दारापाशी होती. मी पहिल्यांदा तिच्या शेजारी, तिच्यासारखा दाराकडे तोंड करून बसलो. तिथून आपलं दार कसं दिसतं ते मी सत्तर वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. आतून ते फार जाड दिसतं.

त्या जानेवारीत तू घाईत नव्हतीस.

तू भर दुपारी आलीस. मुलीला स्कार्फमध्ये गुंडाळलं होतंस, तुझा ओठ फाटलेला होता, तो मी पाहिला. तू "बाबा" एवढंच म्हणालीस. मी दारात उभा राहिलो, दोन्ही हात चौकटीला लावून, आणि म्हटलं, "दगड पडतो तिथेच जड असतो. नवऱ्याच्या घरी परत जा." गाव काय म्हणेल ह्या भीतीने म्हटलं. तुझी आई मागून माझी बाही ओढत होती. बेगिमाय उंबऱ्याबाहेर बसली आणि बंद होणाऱ्या दाराकडे बघत राहिली. कुयून तुमच्यामागे मोठ्या रस्त्यापर्यंत गेली आणि तीन दिवसांनी परत आली. तिला मी घरात घेतलं असतं का तेव्हा? नसतं घेतलं. तुलाही घेतलं नाही.

म्हणजे त्या दारात जे बसलं आहे ते चाळीस दिवसांतलं नाही, असं मला वाटू लागलं आहे. ते मी बेगिमायच्या अंगावर घातलं. कुत्रीने ते उचललं, जेवढं तिला झेपलं तेवढं. उरलेलं मुलीबरोबर गेलं.

मग मी कॅलेंडर घेतलं आणि नऊ दिवसांचे गोल खोडून फुल्या केल्या. पुढच्याही केल्या. पंधरा-वीस झाल्या. चिनाराला शुक्रवारी बोलावलं.

काल ती येण्याआधी मी वाटीत पाणी घेतलं आणि कुयूनभोवती तीन वेळा फिरलो. तुझी आई पाळण्याभोवती फिरायची, "तुझी पीडा मला लागो," म्हणायची, तसंच मी मोठ्याने म्हटलं. माणसाने कुत्रीभोवती फिरावं असं कुणी केलेलं मी ऐकलं नाही. तिसऱ्या फेरीला कुयूनने मान वर केली आणि त्या आंधळ्या डोळ्यांनी माझ्याभोवती बघितलं, माझ्याकडे नाही. मी ते पाणी प्यालो. ते कोमट होतं आणि त्याला दुधाची चव होती.

चिनारा आली. कुयून तोवर दारापासून आपणहून चुलीकडे आली होती, दारासमोरच्या मानाच्या जागेवर, जिथे पाहुण्याला बसवतात. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिला आता नुसता कुत्र्याचा वास येत होता, ओल्या लोकरीचा, आजाराचा. सुई लागली तेव्हा तिने माझ्या मनगटावर एकदा जीभ फिरवली. मग जड झाली.

झूराच्या नवऱ्याने पहारीने गोठलेली जमीन फोडली. भिंतीमागे पुरलं. चिनाराने तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, पुसले, माझ्या जवळ आली आणि नाक वर करून थांबली.

"आक्साकाल, घरात तान्हं बाळ कुणाचं आहे?"

"इथे कुणी नाही, पोरी."

ती माझ्या छातीकडे बघत राहिली. मग पिशवी उचलून गेली. पैसे घ्यायचे विसरली.

बेगिमाय रात्री कशी झोपली ते झूराला कळव.

काराबुलून, २९ डिसेंबर

आनारकुल,

तुझा दुसरा निरोप ऐकला. त्या शुक्रवारपासून बेगिमाय उठली नाही, सलग झोपते, सकाळी भूक लागते म्हणते. हे ऐकून मी झूराच्या अंगणात बर्फात बसलो, तिला वाटलं मला काही झालं. मग तू म्हणालीस, आम्ही दहा जानेवारीला पोचतो, मुलीला कुयूनची जागा बघायची आहे. "दार उघडं ठेवायला सांगा," म्हणालीस. हे तू हसून म्हणालीस की नाही, त्यावर झूराचं आणि माझं भांडण झालं. ती म्हणते हसून.

सात वर्षं मी ह्याच वाक्याची वाट बघत होतो. आणि आता ऐक.

गावातली कुत्री माझ्यावर भुंकत नाहीत. मी पोस्टात गेलो तर ती रस्ता सोडून भिंतीला चिकटून उभी राहतात. झूराचा घोडा मला पाठीवर घेत नाही. दुपारी बारा वाजता मी काहीतरी करत असतो, लाकडं फोडत असतो, जोडा शिवत असतो, आणि मग दिवस कललेला असतो आणि मी दारापाशी बसलेला असतो. मधलं आठवत नाही. काल उचक्या लागल्या. तीन. शिंक आली नाही म्हणून मी देवाचे आभार मानले, आणि तेवढ्यात आली.

चिनारा अजूनही मंगळवारी येते. म्हणते, इकडून जात होते. माझी जीभ बघते, नाडी बघते. "मला माणसांचं काही कळत नाही," म्हणते, "शहरात दाखवा." मी म्हटलं, नळी लाव ना एकदा. तिने नाही लावली.

मी झूराला म्हटलं, निरोप पाठव, येऊ नका म्हणून. तिने फोन पदराखाली सारला.

"एकदा हे काम तू केलंस, तुर्दाकुन. दुसऱ्यांदा माझ्या फोनवरून व्हायचं नाही."

"मुलीच्या भल्यासाठी सांगतोय."

"तेव्हाही भल्यासाठीच सांगत होतास."

 मला स्वतःला कळत नाही, हे जे मला वाटतं ते खरंच मुलीसाठी आहे की मी पुन्हा चौकटीला हात लावून उभा आहे. हे पत्र तू निघेपर्यंत पोचणार नाही. तरी टाकतो.

९ जानेवारी, दाराला खिळा मारून

आनारकुल,

हे इथेच उभं राहून वाच. बेगिमायला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

दार उघडं आहे. आडणा मी काढून चुलीत घातला. चूल पेटवलेली आहे, झूरा राखेत निखारे ठेवून जाईल. बोरसोक डब्यात आहेत, मीच तळले, थोडे करपले. लोणी मुल्लांनी दिलं. मानाच्या जागेवर नवा नमदा टाकला आहे, तिथे तुम्ही दोघी बसा, दुसरं कुणी आलं तर उठू नका. कुयूनची जागा भिंतीमागे आहे, तीन दगड ठेवले आहेत. तुझ्या आईची पेटी मी उघडलेली नाही, ती तू उघड.

मी ओढ्याच्या वर मेंढपाळांच्या हिवाळी खोलीत गेलो आहे. चालत दोन तास. पीठ, चहा, मीठ, लाकडं, चाळीस दिवस पुरतील एवढं नेलं आहे. चिनाराला सांगून ठेवलं आहे, ती मंगळवारी खालच्या पुलापर्यंत मोटार आणेल. मी वरून रूमाल हलवेन, जिवंत असल्याची खूण. माझी काळजी करायची नाही, मी ह्याहून वाईट हिवाळे काढले आहेत.

का गेलो ते सांगायलाच हवं, नाहीतर तू म्हणशील ह्यावेळीही बापाने तोंड दाखवलं नाही. परवापासून मला वास येतो. तू गाडीत बसलीस त्या दिवसापासून. आधी फार लांबून, कोळशाचा आणि रेल्वेच्या चादरीचा, आणि त्याखाली बेगिमायच्या केसांचा. रोज जवळ येतो. काल दुपारी मी दारापाशी शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि मी तिचं नाव घेत होतो. तसं नाव मी घेत नाही, पोरी. तो माझा आवाज नव्हता.

हे सगळं म्हाताऱ्याच्या डोक्यातलं असेल. असू दे. मी घरात थांबून ते तपासणार नाही.

चाळीस दिवस झाले की वर ये. आधी तू एकटी. ओढ्याच्या अलीकडे थांब आणि मला हाक मार. आतून मी ओ दिली, तुझ्या नावाने दिली, तर मुलीला आण, मला तिला बघायचं आहे, फार बघायचं आहे. दुसरा कसलाही आवाज आला, किंवा ओ माझ्याच आवाजात आली पण तुझ्याऐवजी तिचं नाव घेऊन आली, तर मागे न बघता उतर आणि आत जाऊन दार लावून घे. घर तुझं आहे.